घरसंसार : बाळंतपणाचा कागद



लिंबायतच्या एखाद्या चाळीत रात्रीचे दोन वाजले आहेत, अशी कल्पना करा. दिवस भरलेल्या सुनेला कळा सुरू झाल्या आहेत. नवरा यंत्रमागाच्या कारखान्यात रातपाळीला गेला आहे. सासूबाई म्हणतात, "पहिलटकरीण आहेस, इतक्यात काही होत नाही." शेजारीण म्हणते, "स्मीमेरला न्या." दीर म्हणतो, "दादाला विचारल्यावाचून कसे न्यावे?" कोणाच्याच मनात वाईट नाही, सर्वांच्या मनात मायाच आहे. परंतु मोलाचा तास बोलण्यातच निघून जातो.

मातामृत्यूंचा विचार करताना थॅडियस आणि मेन ह्या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीन विलंब दाखवून दिले. पहिला निर्णय घेण्यातला, दुसरा रुग्णालयात पोहोचण्यातला आणि तिसरा तेथे उपचार मिळण्यातला. ह्यांपैकी पहिला आपल्या घरात घडतो; म्हणून तो टाळणेही आपल्याच हाती आहे. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाला तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत दगावू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तासाचे मोल कळेल.

ह्यावर उपाय म्हणजे आधीच लिहून ठेवलेला एक कागद. अमेरिकेत पेनी सिम्किन आणि कार्ला राइन्के ह्यांनी १९८० मध्ये अशा प्रसूती-योजनेचा पुरस्कार केला. तिचा भर बाळंतिणीच्या इच्छांवर होता. आपल्याकडे २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत आशाताईंनी गर्भवतीसाठी असाच आराखडा करावयाचा असतो. त्याचा भर कोठे, कसे आणि कोणाबरोबर जावयाचे ह्यावर असतो. आपल्या कागदात दोन्ही गोष्टी असाव्यात.

सातव्या महिन्यातच पतिपत्नींनी सासूबाईंसह बसून तो लिहावा. प्रसूती कोठे, हे प्रथम ठरवावे. स्मीमेर, मजुरा गेटजवळची नवी सिव्हिल की खासगी दवाखाना? १०८ ला फोन कोण करील? गाडी चाळीच्या तोंडाशी उभी राहिली तर गल्लीतून बाहेर कोण आणील? थोरले मूल कोणापाशी राहील? रक्तगट कोणता, आणि वेळ पडल्यास रक्त द्यावयास कोण दोघे तयार आहेत? २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व ने-आण विनामूल्य आहे. तरीही हाताशी थोडे पैसे बाजूला असावेत. ममता कार्ड आणि तपासण्यांचे कागद एकाच पिशवीत ठेवावेत.

कोणालाही न विचारता ताबडतोब निघावे अशी लक्षणे ठळक अक्षरांत लिहावीत : रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, जोराचा ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे.

आपल्या खानदेशी घरांत पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. नंदुरबार-धुळ्याकडे जावयाचे असेल तर तेथील रुग्णालयाचे नाव आधी निश्चित करावे, तेथल्या आशाताईंना कळवावे आणि सुरतेचे सर्व कागद बरोबर न्यावेत. प्रवासास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. रक्तदाब किंवा जुळ्यांसारखी अडचण असेल, तर रीत बाजूस ठेवून आईलाच सुरतेस बोलवावे.

आता कागदाची दुसरी बाजू, आणि ती सुनेच्या हस्ताक्षरात असावी. आत सोबत कोण हवे? सरकारी प्रसूतिगृहांत जवळच्या अनुभवी स्त्रीला सोबत राहू देण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मान्यता दिली आहे. आई हवी की नणंद, हे तिचे तिने सांगावे. प्रकृती ठीक असल्यास बाळ लगेच छातीशी द्यावे, पहिल्या तासात अंगावर पाजावे, हेही लिहावे.

संमतीचाही प्रश्न आहे. सज्ञान रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमतीदेखील चालत नाही, प्राणसंकट असेल तर गोष्ट निराळी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात म्हटले आहे. तेव्हा त्या रात्री सुनेने "मला न्या" म्हटले, तर दादाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हा कागद म्हणजे डॉक्टरांवर बजावलेला हुकूम नव्हे. प्रसूती आपल्या आराखड्याप्रमाणे होईलच असे नाही; नैसर्गिक प्रसूती लिहिलेली असता शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि त्यात कोणाची हार नाही. कागदाचा उपयोग इतकाच की, जे शांत चित्ताने ठरवावयाचे, ते घाबरलेल्या माणसांना रात्री दोन वाजता ठरवावे लागू नये.

सासूबाईंना एक विनंती. हा कागद आपल्या अनुभवावरचा अविश्वास समजू नका. तो लिहिताना पहिले वाक्य आपणच सांगा : "सून म्हणेल तेव्हा निघावयाचे." बाळंतविड्याआधी सुनेला देण्यासारखी ह्याहून मोठी भेट नाही.