बढती केव्हा द्यावी?

ट्रॉम्बे म्हटले की भाभा अणुसंशोधन केंद्र डोळ्यांसमोर येते. या केंद्राच्या अणुशक्तीनगर वसाहतीत, तेथील एका अभियंत्याचा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षी क्रिकेटच्या शिबिरात दाखल झाला. पुढे दिलीप वेंगसरकर यांच्या अकादमीत त्याने धडे गिरवले आणि डिसेंबर २०१० मध्ये, विसावे वर्ष नुकतेच पूर्ण झाले असताना, तो मुंबईकडून पहिला रणजी सामना खेळला. दिल्लीविरुद्धच्या त्या सामन्यात मुंबईतर्फे सर्वाधिक ७३ धावा त्याच्याच होत्या. तो मुलगा म्हणजे सूर्यकुमार यादव. भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडले ते मात्र मार्च २०२१ मध्ये. मधल्या काळात दहा वर्षे उलटली होती आणि त्याच्या वयाची तिशी पूर्ण झाली होती.

याच मुंबईत याच्या अगदी उलट उदाहरणही घडले आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी जन्मलेल्या सचिन तेंडुलकरने डिसेंबर १९८८ मध्ये गुजरातविरुद्ध वानखेडेवर रणजी पदार्पण केले आणि नाबाद शतक झळकावले. १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत तो कसोटी क्रिकेटपटू झाला. तेव्हा त्याचे वय होते १६ वर्षे आणि २०५ दिवस.

एकाला सोळाव्या वर्षी आणि दुसऱ्याला तिसाव्या वर्षी बढती मिळाली. यांपैकी कोणता निर्णय बरोबर, असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु प्रश्नाची ही मांडणीच अपुरी आहे. वय हा या हिशेबातील केवळ एक रकाना आहे.

सचिनची बढती वरवर पाहता धाडसी दिसते. प्रत्यक्षात ती पायरीपायरीने झाली. १९८७-८८ च्या हंगामात मुंबईच्या रणजी चमूत त्याचा समावेश झाला, पण त्याला सामना खेळवण्यात आला नाही. राखीव क्षेत्ररक्षक म्हणून तो मोठ्यांच्या सहवासात राहिला आणि त्यांची शिस्त त्याने जवळून पाहिली. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रम विद्यामंदिरासाठी हॅरिस शील्ड स्पर्धेत विनोद कांबळीसमवेत त्याने ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, तरीही निवडकर्त्यांनी घाई केली नाही. जाळीतील सरावात कपिल देव यांच्या गोलंदाजीला तो कसा सामोरा जातो, हे मुंबईचे तत्कालीन कर्णधार वेंगसरकर यांनी स्वतः पाहिले, आणि त्यानंतरच त्याचे पदार्पण झाले. १९८९ च्या आरंभी वेस्ट इंडीज दौऱ्यासाठीही त्याच्या नावाचा विचार झाला होता. तेथील वेगवान गोलंदाजांसमोर इतक्या लवकर त्याला उभे करू नये, असे ठरले. काही महिन्यांनी, राजसिंह डुंगरपूर अध्यक्ष असलेल्या निवड समितीने त्याला पाकिस्तानला पाठवले.

म्हणजे त्याच मुलाला त्याच वर्षी एकदा ‘अजून नाही’ असे सांगण्यात आले आणि एकदा ‘आता’ असे. सियालकोटच्या कसोटीत वकार युनूसचा उसळता चेंडू नाकावर बसला आणि रक्त वाहू लागले, तरी तो मैदान सोडून गेला नाही. त्या डावात त्याने ५७ धावा काढल्या. पहिले कसोटी शतक त्यानंतर, ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला आले. मधल्या नऊ महिन्यांत त्याला शतक करता आले नाही म्हणून कोणी त्याला खाली उतरवले नाही. बढती देणाऱ्यांनी त्याला स्थिरावण्यास अवधी दिला, हाही त्या निर्णयाचाच भाग होता.

आता निवडकर्त्याच्या चुकीचा विचार करू. त्याच्या हातून दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. तयारी नसलेल्याला वर नेणे ही पहिली, आणि तयार असलेल्याला खालीच ठेवणे ही दुसरी. दोन्हींचे नुकसान सारखेच असले, तरी त्यांची नोंद सारखी होत नाही. बँकेच्या कर्जविभागात हे रोज अनुभवास येते. दिलेले कर्ज बुडाले की त्याची नोंद थकीत खात्यांत होते, चौकशी होते आणि मंजुरी देणाऱ्याला जाब द्यावा लागतो. पण एखाद्या प्रामाणिक, कष्टाळू अर्जदाराला कर्ज नाकारले, तर त्याचा न उभा राहिलेला कारखाना कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच सावध अधिकाऱ्याचा कल नकळत नकाराकडे झुकतो. क्रिकेटच्या निवड समितीचे मनही याच वाटेने जाते.

नोंद न होणाऱ्या नुकसानाचे उदाहरण मुंबईच्या स्मरणात आहे. ६६४ धावांची ती भागीदारी चालू असताना पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुजुमदार पॅड बांधून बसून होते. त्यांनी १९९३-९४ मध्ये रणजी पदार्पणातच हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा त्यांच्या नावावर जमा झाल्या, परंतु भारतीय संघाची टोपी त्यांना मिळाली नाही. मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असताना जागाच नव्हती. बढतीसाठी पात्रता लागते, तशी वर रिकामी जागाही लागते. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी भारतीय महिला संघाची धुरा वाहिली आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने विश्वचषक जिंकला. थांबावे लागलेल्या माणसाचा पुरुषार्थ वाया जात नाही, हे यातून दिसते. म्हणून थांबवणाऱ्याचा निर्णय आपोआप योग्य ठरतो, असे मात्र नाही.

केवळ धावांच्या राशीवर विसंबणेही पुरेसे नाही. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या एका डावात ५४६ धावा केल्या, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये, एकोणिसावे वर्ष पूर्ण होण्याआधी, त्याने कसोटी पदार्पणात १३४ धावा फटकावल्या. त्यानंतर डिसेंबर २०२० पर्यंत त्याच्या वाट्याला एकूण पाचच कसोटी आल्या. यात दोष कोणाचा, हा निवाडा दुरून करणे उचित नव्हे. इतके मात्र खरे की, वरच्या दर्जाचा चेंडू फटकावता येतो का, एवढेच धावा सांगतात. कीर्ती, पैसा आणि पहिले मोठे अपयश पेलण्याची शक्ती मनात आली आहे का, हे धावफलकावर दिसत नाही. ते जवळ राहून पाहावे लागते.

निर्णय घेणाऱ्याच्या हेतूचा प्रश्न याहून नाजूक आहे. अमेरिकेतील बेसबॉलचे एक उदाहरण येथे बोलके आहे. तेथे होतकरू खेळाडू दुय्यम संघांच्या पायऱ्या चढून मुख्य संघात येतो. मुख्य संघात सहा वर्षांची सेवा भरली की तो आपल्या मर्जीने दुसरीकडे करार करू शकतो, आणि सेवेचे एक वर्ष १७२ दिवसांचे धरले जाते. २०१५ मध्ये शिकागो कब्ज संघाच्या क्रिस ब्रायंटने हंगामपूर्व सामन्यांत नऊ होमरन ठोकले, तरी त्याला दुय्यम संघात धाडण्यात आले. १७ एप्रिलला त्याला वर बोलावले आणि हंगामाअखेर त्याच्या खात्यावर १७१ दिवस भरले. एका दिवसाच्या फरकाने तो आणखी एक वर्ष संघाच्या ताब्यात राहिला. त्याच वर्षी तो उत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला. क्षेत्ररक्षण सुधारण्यासाठी त्याला खाली ठेवले होते, असे संघाने सांगितले. त्याची तक्रार २०२० मध्ये लवादाने फेटाळली. नियमाचा भंग झाला नसेलही. पण ‘अजून तयारी नाही’ हे शब्द कोणाच्या हितासाठी उच्चारले जात आहेत, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे, एवढे या प्रकरणाने शिकवले.

जैन विचारपरंपरेत कार्यसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत : काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ. आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी सन्मतितर्कात असे प्रतिपादन केले आहे की, यांपैकी एकालाच धरून बसणे हे मिथ्यात्व, आणि सर्वांचा एकत्र विचार हे सम्यक्त्व. बढतीच्या प्रश्नाला ही दृष्टी चपखल लागू पडते. केवळ वय पाहणारा कालावरच थांबतो. केवळ आकडे पाहणाऱ्याला पुरुषार्थ दिसतो, स्वभाव दिसत नाही. ‘नशिबात असेल तेव्हा होईल’ म्हणणारा नियतीच्या आड आपली जबाबदारी लपवतो. सचिनच्या बाबतीत पाचही बाजू जुळल्या आणि त्या जुळल्या आहेत का, हे कोणीतरी दोन वर्षे डोळ्यांत तेल घालून पाहत होते. सूर्यकुमारच्या बाबतीत पुरुषार्थ सिद्ध होऊनही योग जुळण्यास वेळ लागला. आयपीएलच्या २०१८, २०१९ आणि २०२० या तिन्ही हंगामांत त्याने प्रत्येकी चारशेहून अधिक धावा केल्या, तरी २०२० च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याची निवड झाली नाही. अखेर संधी मिळाल्यावर, भारताकडून फलंदाजीस येताच, जोफ्रा आर्चरच्या पहिल्याच चेंडूवर त्याने षटकार मारला. जुलै २०२४ मध्ये तो ट्वेंटी-२० संघाचा कर्णधार झाला. त्याच्या नावावर कसोटी सामना मात्र एकच आहे. कोणती पायरी कोणासाठी, हेही यातून उमगते.

हा प्रश्न क्रिकेटच्या मैदानापुरता नाही. कोणत्या वर्षी मुलाला पेढीवर बसवावे, केव्हा त्याच्या हाती धनादेशावर सही करण्याचा अधिकार द्यावा, सुनेकडे किंवा कन्येकडे व्यवसायाचा एखादा विभाग केव्हा सोपवावा, हे प्रश्न आपल्या समाजातील घराघरांत आहेत. काही वडील विसाव्या वर्षीच सारा भार टाकतात आणि पहिल्या तोट्यानंतर सर्वांसमक्ष बोल लावतात. काही वडील पंचाहत्तरीतही तिजोरीची किल्ली सोडत नाहीत, आणि पन्नाशीचा मुलगा ‘अजून शिकतो आहे’ असे सांगत राहतात. पहिल्या घरातील तोटा चारचौघांत बोलला जातो. दुसऱ्या घरातील तोट्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही, म्हणून तो लहान ठरत नाही.

अशा घरांनी आधी मुलाला जवळ बसवून कामकाज पाहू द्यावे, मग सोसवेल एवढा व्यवहार स्वतंत्रपणे सोपवावा आणि तो तोटा कसा पचवतो याकडे नफ्याइतकेच लक्ष द्यावे. ‘अजून नाही’ म्हणायचे असेल, तर काय कमी आहे आणि पुन्हा विचार केव्हा होईल, हे त्याच वेळी सांगावे. मुदत नसलेला नकार तरुणाला आतून खचवतो. आणि एकदा ‘आता’ म्हटले की पहिल्या अपयशाला त्याच्या शेजारी उभे राहावे. सियालकोटच्या त्या मुलाला घरी परत पाठवण्याचा विचार कोणी केला नाही, म्हणून मँचेस्टरचे शतक पाहता आले.