गिऱ्हाईक जिथे वाकून बघत नाही, तिथेच तुमचा धंदा आहे



सर्व्हिस बिझनेससाठी आज मुद्दाम अमेरिकेतलं एक उदाहरण घेतलंय. हा धंदा आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही, हे आधीच सांगतो. पण न दिसणारं काम प्रामाणिकपणे कसं विकायचं, हे त्यातून फार छान कळतं.

तिकडे ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ असतात. घर कारखान्यात लोखंडी चासीवर बनतं आणि ओढत आणून जागेवर बसवतात. १९७६ पासून त्यांना केंद्र सरकारचे बांधकाम नियम लागू आहेत. राहणारी बरीच कुटुंबं बेताच्या कमाईची. अनेकांचं घर स्वतःचं, पण खालची जागा भाड्याची. म्हणजे थंडीतलं हीटिंगचं बिल हा त्यांच्यासाठी मोठा विषय.

घर गरम कसं होतं बघा. फर्नेस गरम हवा खाली ढकलतो. फ्लोअरच्या खाली घराच्या लांबीभर मुख्य डक्ट असतो आणि खोल्याखोल्यांतल्या जाळ्यांमधून हवा वर येते. घर दोन भाग जोडून केलेलं असेल तर एका भागातून दुसऱ्या भागात हवा नेणारा जाड, लवचिक पाइप घराच्या पोटाखालून जातो. त्याला क्रॉसओव्हर डक्ट म्हणतात.

घोळ होतो तो इथे. आधाराचा पट्टा तुटतो आणि पाइप जमिनीवर लोळतो. ओल लागते, प्राणी कुरतडतात, सांधा सुटतो. मग तुम्ही पैसे देऊन गरम केलेली हवा घराखालची माती गरम करते! वर जेवढी हवा बाहेर जाते, तेवढी थंड हवा फटींमधून घरात शिरते. एनर्जी स्टार हा तिथला सरकारी कार्यक्रम सांगतो, की साध्या घरातसुद्धा डक्टमधली २० ते ३० टक्के हवा गळतीत जाते. घरच्यांना मात्र एवढंच कळतं, की शेवटची बेडरूम गार आहे आणि बिल वाढलंय.

आता दोन कारागीर डोळ्यांसमोर आणा. पहिला हॉलमध्ये उभा राहूनच सांगतो, “फर्नेस जुना झालाय, बदला.” हजारो डॉलरचं काम. दुसरा टॉर्च घेऊन घराखाली सरपटत जातो.

माझं स्पष्ट मत आहे, की धंदा दुसऱ्याचाच टिकतो. आणि हे फक्त नीतीचं बोलणं नाही. डक्ट फाटलेला असेल तर नवा फर्नेससुद्धा मातीच गरम करणार. पुढच्या थंडीत तेच गिऱ्हाईक तुमच्या नावाने बोटं मोडणार.

दुसरा नेमकं काय करतो? जाळ्या काढून आत टॉर्च मारतो. क्रॉसओव्हर जमिनीला टेकलाय का बघतो आणि नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४८ इंचांवर पट्टे बांधून तो उचलतो. सांध्यांना मॅस्टिक, म्हणजे घट्ट लेप लावतो. शेवटी घराच्या पोटाखालचं फाटलेलं आवरण पुन्हा बंद करतो. हे शेवटचं काम टाळलं तर इन्सुलेशन लोंबकळतं आणि तिथलेच पाण्याचे पाइप कडाक्याच्या थंडीत गोठू शकतात.

आणि टेप? नावातच डक्ट असलेली कापडी डक्ट टेप इथे चालत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने १९९८ मध्ये डक्टचे सांधे तपासले, तेव्हा हीच टेप टिकली नाही. उष्णतेने तिचा गोंद सुकतो. मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून सांगतो: नाव बघून माल घेऊ नका, काम बघून घ्या. टेप लावली की त्या दिवशी काम झाल्यासारखं दिसतं. पण सर्व्हिसवाल्याचं नाव त्या दिवशी ठरत नाही, दोन वर्षांनी ठरतं.

तुम्ही म्हणाल, “सर, एवढ्याशा कामात सुटतं काय?” बरोबर प्रश्न आहे. एका कामात फार नाही सुटत. पण ही घरं बऱ्याच ठिकाणी एकाच वसाहतीत शेजारी शेजारी असतात. एका घराची बेडरूम गरम झाली की शेजारी विचारतोच. जाण्यायेण्याचा खर्च तोच, गिऱ्हाईकं चार. शिवाय डक्ट दर वर्षी थंडीआधी तपासून घ्यावा लागतो, फर्नेस दर वर्षी कोणी बदलत नाही. म्हणून मी मोठ्या विक्रीपेक्षा पुन्हा येणाऱ्या छोट्या कामाला जास्त मार्क देतो.

एक अट मात्र आहे. गिऱ्हाईक घराखाली येणार नाही, तेव्हा पुरावा तुम्ही वर आणायचा. कामाआधीचा फोटो, कामानंतरचा फोटो, आणि काय केलं नाही तेही बिलावर लिहायचं. गॅस आणि फर्नेसच्या आतलं काम परवान्याशिवाय करायचं नाही, “ते माझं काम नाही” असं सरळ सांगायचं. विश्वास बसतो तो या वाक्यावर!

आपल्याकडे असं न दिसणारं काम कमी आहे का? हॉटेलच्या किचनचा एक्झॉस्ट डक्ट, सोसायटीची पाण्याची टाकी, एसीचा ड्रेन पाइप. गिऱ्हाईक तिथे डोकावत नाही, म्हणून बरेच जण वरवर हात फिरवून बिल फाडतात. तुमची संधी तिथेच आहे.

आज एक काम करा. तुमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला न दिसणाऱ्या तीन गोष्टी वहीत लिहा. त्यांचा पुरावा कसा दाखवाल, ते प्रत्येकीसमोर लिहा. ते सुचलं नाही, तर दर वाढवायची घाई करू नका.