शाळा कोणी जगवायची?

१८८४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चशेजारी दोन वर्षांत शाळा उभारण्याचा दंडक घातला. स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या वर्गणीवर आणि धर्मभगिनींच्या अल्प वेतनातील सेवेवर त्या शाळा चालल्या. त्याच वर्षी पुण्यात टिळक-आगरकरांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापिली. तिचाही पाया त्यागाचाच होता. आज मात्र आमचा सुशिक्षित पालक मिशनऱ्यांच्या नावाने बोटे मोडतो आणि कॉन्व्हेंटच्या प्रवेशासाठी रांगही लावतो! घराजवळच्या मराठी शाळेच्या पालकसभेला तो किती वेळा फिरकतो? तिच्या ग्रंथालयाला एखादे पुस्तक, दुर्बल विद्यार्थ्याला संध्याकाळचा एक तास, एवढेही ज्या समाजाला जड वाटते, त्याला परक्यांच्या शाळांबद्दल तक्रार करण्याचा अधिकार कोणता? निषेधाच्या सभांनी वर्ग भरत नसतात.