पाठ टाचणातील साहित्यसिद्धान्त

मराठी विषय घेऊन शिक्षक होऊ पाहणारा विद्यार्थी सराव पाठांत अडखळतो, ही तक्रार शिक्षणशास्त्राच्या वर्तुळात नित्याची आहे. तिचे निदानही ठरलेले : विद्यार्थ्याला विषय येतो, परंतु अध्यापनकौशल्ये अवगत नाहीत, सबब सूक्ष्म अध्यापनाचा सराव वाढवावा. हे निदान मुळातच चुकीचे आहे. त्याच्यासमोर ठेवलेले पाठ टाचण हे निरुपद्रवी साधन नाही. त्यात एक साहित्यसिद्धान्त दडलेला आहे, आणि भाषेच्या पदवीसाठी त्याने जे वाचले त्याच्या तो थेट विरोधात जातो.

टाचणाची वंशावळ पाहावी. प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन व उपयोजन या पायऱ्या आपल्याकडे हर्बार्टच्या नावाने शिकविल्या जातात. वस्तुतः हर्बार्टने (१७७६–१८४१) चार पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यांची पंचपदी झाली ती त्सिलर व राइन या अनुयायांच्या हातून. पुढे ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५६ च्या वर्गीकरणातून उद्दिष्टे व त्यांची 'स्पष्टीकरणे' आली, आणि १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड येथे आकाराला आलेले सूक्ष्म अध्यापन त्यावर बसले. आपल्या टाचणात हे तिन्ही थर एका गृहीतकावर उभे आहेत : जे शिकवायचे ते वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच पूर्णपणे निश्चित असते. विरामचिन्हांच्या पाठापुरते हे खपून जाईल. कवितेचे काय?

बालकवींची 'औदुंबर' ही अवघ्या आठ ओळींची कविता घ्या. अखेरीस येणाऱ्या वृक्षाचा आधीच्या निसर्गचित्राशी नेमका संबंध कोणता, यावर मराठी समीक्षेने दीर्घकाळ वाद घातला आहे. कोणी तेथे केवळ चित्र पाहिले, कोणी विरक्ती. तो वाद कवितेची उणीव मानला गेला नाही. तिच्या सामर्थ्याची ती खूणच ठरली. पदवीच्या वर्गात विद्यार्थी हे शिकतो. तीच कविता सराव पाठासाठी घेताना मात्र त्याला वाचनापूर्वी हेतुकथन करावे लागते, 'विद्यार्थी कवितेचा मध्यवर्ती विचार सांगतो' असे स्पष्टीकरण लिहावे लागते आणि प्रत्येक प्रश्नासमोर अपेक्षित उत्तर मांडावे लागते. एखाद्या मुलीने अपेक्षेबाहेरचे, पण संहितेत आधार असलेले उत्तर दिले, तर त्याने काय करावे? थांबला तर पाठ अपुरा, पुढे गेला तर कविता अपुरी. अशा वेळी त्याच्या अडखळण्याला कौशल्याचा अभाव म्हणणे हा अन्याय आहे.

भाषेच्या बाबतीत विसंगती याहून उघडी आहे. भाषाविज्ञानाची प्रश्नपत्रिका त्याला सांगते की कोणतीही बोली अशुद्ध नसते आणि प्रमाणभाषा ही सामाजिक व्यवहारातून ठरलेली व्यवस्था आहे. निरीक्षणपत्रकात मात्र 'उच्चारशुद्धी'ला गुण असतात. अहिराणी वा वऱ्हाडी घरातून आलेला आणि घराण्यात प्रथमच पदवीपर्यंत पोचलेला विद्यार्थी दुपारी पहिले तत्त्व लिहून उत्तीर्ण होतो आणि सकाळच्या पाठात दुसऱ्यापायी गुण गमावतो.

येथे आक्षेप येईल की साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांची तासिका घेणाऱ्या नवशिक्याला काही आराखडा हवाच. तो हवा, यात शंका नाही. पूर्वतयारीविना मुलांसमोर उभे राहणे हे स्वातंत्र्य नव्हे. ती बेपर्वाई होय. प्रश्न आहे तो आराखडा कोणत्या विषयाच्या स्वभावावरून घेतला, हा. शिवाय पाठ्यपुस्तक आणि परीक्षा तशाच असताना टाचण बदलून काय साधणार, असेही विचारले जाईल. परंतु शालान्त परीक्षेतील रसग्रहणाची छापील उत्तरे पाठ करणारी मुले ज्या शिक्षकांच्या हाताखाली घडतात, ते शिक्षक या टाचणातूनच तयार झालेले असतात.

दोष केवळ अध्यापक महाविद्यालयांचा नाही. आपले विद्यापीठीय मराठी विभाग अर्थनिर्णयनावर चर्चासत्रे भरवितात. तोच अर्थ आठवीच्या वर्गात कसा घडतो, हा प्रश्न मात्र त्यांना हलका वाटतो. ही अलिप्तता आता परवडणारी नाही. २०१४ च्या विनियमांनी बी. एड. दोन वर्षांचे करून त्यात किमान २० आठवड्यांचा छात्रसेवाकाल घातला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचा आग्रह धरला. तेथे भाषेची पदवी आणि सराव पाठ एकाच विद्यार्थ्याच्या एकाच आठवड्यात येतात. दोन शास्त्रांनी आपसांत न सोडविलेला वाद एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने फळ्यासमोर एकट्याने सोडवावा, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणून मागणी साधी आहे. साहित्याच्या सराव पाठाचे निरीक्षण साहित्य शिकविणाऱ्या अध्यापकानेही करावे. टाचणात अपेक्षित उत्तरांबरोबर, ज्यांचे उत्तर शिकविणाऱ्यालाही ठाऊक नाही असे दोन प्रश्न असावेत. अनपेक्षित उत्तर संहितेकडे परत नेण्याच्या क्षमतेला गुण असावेत, आणि 'उच्चारशुद्धी'च्या जागी सुबोधता यावी. एवढे करण्याची तयारी नसेल, तर मराठी विभागांनी वाचकाच्या स्वातंत्र्यावरील व्याख्याने तरी थांबवावीत. कारण त्या स्वातंत्र्याची किंमत त्यांचेच विद्यार्थी शाळेच्या वर्गात गुणांनी मोजीत आहेत.