विरजण कुणाचं?

दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे कालचंच दही. मग पहिलं दही कुठून आलं? मेसच्या टेबलावर यावर तासभर वाद रंगेल. पण मित्रांनो, हाच प्रश्न आपण कंपायलरला कधी विचारतो का?

जीसीसी सी प्लस प्लस कंपाइल करतो आणि स्वतःही सी प्लस प्लसमध्येच लिहिलेला आहे. मग त्याला कोण कंपाइल करतं? मशीनवर आधीपासून असलेल्या कंपायलरने त्याचा सोर्स कंपाइल केला की मिळते स्टेज १. तिने तोच सोर्स पुन्हा कंपाइल केला की स्टेज २, आणि दुसरीने केला की स्टेज ३. पहिली दिसायला वेगळी असेल, कारण तिचा मशीन कोड जुन्या कंपायलरने बनवलाय. पण पहिली आणि दुसरी वागतात एकाच सोर्सप्रमाणे. म्हणून त्यांनी बनवलेल्या दुसरी आणि तिसरीच्या ऑब्जेक्ट फाइल्स जुळायलाच हव्यात. नाही जुळल्या तर कुठेतरी पाणी मुरतंय!

जुळल्या म्हणजे सगळं आलबेल का? तेही नाही. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की कंपायलरमध्ये लपवलेली लबाडी पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाऊ शकते, आणि सोर्समध्ये तिचा मागमूसही राहत नाही. विरजणच बिघडलेलं, तर दुधाला दोष देऊन काय उपयोग? म्हणूनच ग्नू गीक्सच्या मंडळींनी २०२३ मध्ये अवघ्या ३५७ बाइट्सच्या प्रोग्रॅमपासून सुरुवात करून पायरी पायरीने जीसीसीपर्यंत मजल मारली. एवढे बाइट्स माणूस स्वतः तपासू शकतो.

आणि आपण? लेक्स-याकचा कॅल्क्युलेटर, प्रिंटआउट, जर्नल, सही. संपला कंपायलर!

माझं मत स्पष्ट आहे. चौघांच्या ग्रुपने टर्मभरात एक छोटी भाषा करावी. तिचा कंपायलर आधी सी मध्ये लिहावा, मग त्याच भाषेत, आणि शेवटी दोन स्टेजेस जुळवून दाखवाव्यात. सिलॅबस संपत नाही, हे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यासाठी चार किरकोळ प्रॅक्टिकल्स गेली तरी चालतील. आपली भाषा स्वतःचा कंपायलर लिहिण्याइतकी सशक्त आहे का, हे व्हायव्हात घोकून सांगता येत नाही. ते करूनच कळतं.

उद्या बँका आणि हॉस्पिटलं आपल्या कोडवर चालणार आहेत. निदान विरजण कुणाचं आहे, एवढं तरी आपल्याला माहीत हवं!