बसायची जागा



‘संध्याकाळी बसायचं का?’ या प्रश्नात दारूचं नावही नसतं, तरी ऐकणाऱ्याला सगळं कळतं. यंदाच्या अंकाचा विषय ठरवताना आम्ही या एका क्रियापदापाशी अडलो.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. प्यायला परवाना लागे आणि परवानेवाल्याला बसायला खोली. त्यातून आलेलं ‘परमिट रूम’ हे नाव पाट्यांवर आजही टिकून आहे. दुकानातून आणलेली क्वार्टर स्वस्त पडते, हे तिथल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. वरचे पैसे तो बसण्याचे मोजतो.

आमच्या छापखान्याच्या गल्लीत अशी एक खोली आहे. रोज आठला एक गृहस्थ कोपऱ्यातलं टेबल धरतात. न सांगता सोडा येतो, चण्याची वाटी येते. ‘आज उशीर झाला, साहेब?’ वेटर विचारतो. दिवसभरात त्यांची एवढी चौकशी दुसरं कुणी करत नसावं. घर एका खोलीचं, मुलगी दहावीला. तिचा अभ्यास संपेपर्यंत आपण इथंच, असं ते एकदा म्हणाले. शेजारच्या टेबलावर कुणी मित्रांचा आग्रह मोडवत नाही म्हणून आलेला असतो, तर कुणी नोकरी गेल्याचं घरी कसं सांगावं, या विचारात.

या बसण्याची खरी किंमत घरातली बाई मोजते. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून ‘आडवी बाटली’साठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांचा संताप आम्हाला पुरता पटतो. त्यांना तर घटकाभर टेकायलाही गावात जागा नाही.

पण बाटली आडवी झाली, तरी बसायचं कुठं, हा प्रश्न उरतोच. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांनी तो नेमका ओळखला. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण घ्या, की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा. तिथंही माणसं एकत्र बसतात, मनातलं बोलतात. समोर ग्लास नसतो, इतकंच.

गावचा पार गेला, चाळीची गॅलरी गेली, वाचनालयं दिवेलागणीला बंद होऊ लागली. बसायच्या अशा जागा पुन्हा उभ्या राहाव्यात, बायकांसाठीही, यासाठी हा अंक आहे. आमच्या गल्लीत रात्री दहापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका झाली, तर ती मुलगी तिथं बसेल आणि तिच्या वडिलांना आठ वाजता घरी जाता येईल.

शुभ दीपावली!

– संपादक