पाटीला कुलूप कां?

गेल्या महिन्यांत माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील मला भेटावयास आले होते. मुलगी पदवीच्या वर्गांत आहे. चित्रें चांगलीं काढते, लिहितेही बरें. तिला एक चांगलें यंत्र घेऊन द्यावयाचें आहे, आणि हा खर्च त्या घरांत एकदांच होण्यासारखा आहे. “सर, टॅब्लेट घेऊं कीं लॅपटॉप? दुकानदार म्हणतो, हा ‘प्रो’ टॅब्लेट लॅपटॉपइतकाच शक्तिमान् आहे, कळफलक जोडला कीं झालें,” असें ते म्हणाले. दुकानदार खोटें बोलत नव्हता. तरीही त्या सद्गृहस्थांना मी तत्काळ होकार देऊं शकलों नाहीं. कां देऊं शकलों नाहीं, हें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे.

प्रश्न वरवर पाहतां केवळ तांत्रिक दिसतो. व्यवसायासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या टॅब्लेटवर मेजावरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम चालूं द्यावी कीं नाहीं, एवढाच तो आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा कारभारी. कोणता प्रोग्रॅम चालावा, त्यास किती स्मृति मिळावी, फाइल कोठें राहावी आणि ती कोणीं उघडावी, हें सारें तो ठरवितो. तेव्हां वाद खरा असा आहे कीं, हा कारभारी विकत घेणाऱ्याचा चाकर असावा कीं विकणाऱ्याचा. माझें मत प्रारंभींच सांगून टाकतों: अशी सिस्टिम टॅब्लेटवर चालूं द्यावी. ती कोणावर लादूं नये. परंतु मालकाची इच्छा असल्यास त्याला अडवूंही नये.

ॲपल कंपनीनें २०१० सालच्या जानेवारींत आयपॅड जगापुढें मांडला, तेव्हां फोन व लॅपटॉप यांच्या मधली एक वस्तु म्हणून मांडला. आरामखुर्चींत बसून वाचावें, चित्रें पाहावीं, दोन पत्रें लिहावीं, हा तिचा धर्म होता. त्याच वर्षीं स्टीव्ह जॉब्स यांनीं संगणकाला मालमोटारीची उपमा दिली होती. मालमोटारी जगांत राहतील, पण बहुतेकांना साधी मोटारगाडी पुरेल, असा त्यांचा आशय. त्या वेळच्या आयपॅडपुरती ही वांटणी न्याय्य होती. परंतु २०१५ च्या नोव्हेंबरांत त्याच कंपनीनें आयपॅड प्रो विकावयास काढला आणि त्याच्या जोडीस, निराळी किंमत लावून, लेखणी व कळफलक आणले. २०१७ च्या जाहिरातींतील मुलगी तर संगणक ही काय चीज आहे, असें विचारूं लागली! २०२१ सालीं या टॅब्लेटांत एम१ ही चिप बसविली गेली. २०२० च्या नोव्हेंबरांत निघालेल्या मॅकबुक एअर या लॅपटॉपांत होती तीच. २०२४ च्या मे महिन्यांत तर एम४ ही चिप आधीं आयपॅड प्रोला मिळाली, आणि मॅकला ती त्यानंतर कांहीं महिन्यांनीं मिळाली. म्हणजे मोटारगाडीला मालमोटारीचें इंजिन बसविलें, मालमोटारीची किंमत घेतली, आणि माल मात्र भरूं दिला नाहीं.

“त्या यंत्रांत मॅकची सिस्टिम चालणारच नाहीं,” असें कोणी म्हणेल, तर इतिहास त्याच्या विरुद्ध आहे. २०२० च्या जून महिन्यांत मॅकसाठीं स्वतःची चिप वापरण्याचा संकल्प कंपनीनें जाहीर केला, आणि प्रोग्रॅम लिहिणारांना पूर्वतयारीसाठीं एक विशेष मॅक मिनी दिला. त्यांत ए१२झेड नांवाची चिप होती. ती त्याच वर्षींच्या आयपॅड प्रोची चिप होय. तिच्यावर मॅकओएस चालत होती. शिवाय या नव्या मॅकवर आयपॅडसाठीं लिहिलेले पुष्कळ प्रोग्रॅम चालतात. पाटीवरचा प्रोग्रॅम मेजावर जाऊं शकतो. मेजावरचा प्रोग्रॅम पाटीवर येऊं शकत नाहीं. रस्ता एकच आहे, आणि त्यावर एकाच दिशेची वाहतूक राखण्यांत आली आहे.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या पूर्ण बलानिशीं विचारांत घेतलें पाहिजे. त्याचा पहिला आक्षेप असा कीं, मेजावरची सिस्टिम माउसच्या सूक्ष्म टोंकासाठीं रचलेली असते, आणि मनुष्याचें बोट जाड असतें. बारीक बारीक बटनें बोटानें दाबावयास लावणें म्हणजे सुईंत दोर ओंवण्यासारखें आहे. हा आक्षेप मला मान्य आहे; किंबहुना त्याचा पुरावाही मीच देतों. मायक्रोसॉफ्टनें २०१२ च्या ऑक्टोबरांत विंडोज ८ आणली, ती बोट व माउस या दोहोंना एकाच पंक्तीस बसविण्याच्या हव्यासानें. कचेरींत बसणाऱ्या लोकांपुढें मोठमोठ्या रंगीत फरशा मांडल्या आणि ओळखीचें स्टार्ट बटन काढून टाकलें. वर्षभरानें, विंडोज ८.१ मध्यें, तें बटन परत बसवावें लागलें. एकच रूप सर्वांवर लादणें हा अविचार होता, यांत शंका नाहीं.

पण त्याच प्रकरणाचें दुसरें पान प्रतिपक्ष उलटीत नाहीं. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टनें दोन जातींचे टॅब्लेट काढले होते. सरफेस आरटी या पहिल्या टॅब्लेटवर विंडोजचे नेहमींचे प्रोग्रॅम बसवितां येत नसत. २०१३ च्या फेब्रुवारींत निघालेल्या सरफेस प्रोवर संपूर्ण विंडोज होती. पहिल्याच्या न खपलेल्या मालापायीं कंपनीला २०१३ च्या जुलैंत नव्वद कोटि डॉलरांचें नुकसान लिहून टाकावें लागलें. दुसऱ्याची वंशवेल अद्याप चालू आहे. एका उदाहरणावर सिद्धांत उभारूं नये हें मी जाणतों. तथापि कुलूप लावलें कीं वस्तु सुबोध होते आणि लोक ती उचलतात, या समजुतीला या उदाहरणानें धक्का बसतो खास.

शिवाय जाड बोटाची अडचण ज्या वेळीं हात कांचेवर आहे त्याच वेळची आहे. कळफलक जोडला, माउस हातीं घेतला, कीं ती अडचण उरते कोठें? सॅमसंगनें २०१७ पासून आपल्या फोनांत, आणि पुढें टॅब्लेटांतही, पडदा व कळफलक जोडतांच खिडक्यांचें रूप घेणारी डेक्स नांवाची सोय दिली आहे. तिच्या आंतली सिस्टिम अँड्रॉइडच राहते, हें खरें. पण प्रसंग पाहून एकाच यंत्राला दोन रूपें घेतां येतात, एवढें तिनें निःसंशय दाखविलें. पाटी हातांत असतां पाटी राहावी, मेजावर ठेवतां संगणक व्हावी, ही मागणी असंभाव्य नाहीं.

दुसरा आक्षेप साधेपणाचा. माझ्या वृद्ध मातोश्री टॅब्लेटवर कीर्तनें ऐकतात, नातवंडांशीं बोलतात. फाइल कोठें ठेवली हें त्यांना कधीं शोधावें लागत नाहीं. त्यांच्या सुखांत विघ्न आणावें असें मला स्वप्नांतही वाटणार नाहीं. पण सेटिंगच्या एका कोपऱ्यांत एक जादा कळ असली, तर ती न दाबणाराचें काय बिघडतें? आणि ज्या वस्तूच्या नांवापुढें ‘प्रो’ हें बिरूद लावून दुप्पट मोल घेतलें जातें, ती वस्तु आजींच्या सोयीचें निमित्त पुढें करून व्यावसायिकाच्या हातून काम काढून घेऊं लागली, तर तें बिरूद उतरवून ठेवणेंच प्रामाणिकपणाचें होय.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर मुद्रेनें केला जातो. वाटेल तो प्रोग्रॅम चालूं दिला तर चोर शिरतील, असें म्हणतात. मग मॅकचें काय? तोच कारखाना, तीच चिप, तीच कंपनी. आणि मॅकवर मालकाला, चार सूचना वाचून, बाहेरून आणलेला प्रोग्रॅम बसवितां येतो. एवढेंच नव्हे, एम१ च्या मॅकवर स्वतंत्र लोकांनीं लिनक्स बसवून दाखविला. आसाही लिनक्स या नांवानें त्याची प्राथमिक आवृत्ति २०२२ च्या मार्चमध्यें प्रसिद्धही झाली. म्हणजे लॅपटॉप घेणारा प्रौढ व शहाणा, आणि तेवढेच पैसे देऊन टॅब्लेट घेणारा मात्र अज्ञान बालक, असा कायदा झाला! एकाच मनुष्याच्या मेजावर हीं दोन्ही यंत्रें असलीं, तर त्याच्या उजव्या हाताला मताधिकार व डाव्या हाताला पालक, असा हा देखावा आहे.

राहिला चौथा आक्षेप: दोन वस्तु निराळ्या आहेत, त्यांची भेसळ करूं नये. टिम कुक यांनीं २०१२ सालीं पाव भाजण्याचें यंत्र व शीतकपाट यांच्या संकराची थट्टा केली होती; २०१८ सालीं क्रेग फेडेरिघी यांनीं दोन्ही सिस्टिमी एक करणार काय, या प्रश्नाला जाहीर सभेंत स्पष्ट नकार दिला. पण पुढें काय घडलें? २०१९ सालीं आयपॅडची सिस्टिम फोनहून निराळी झाली. २०२० सालीं माउस आला. २०२२ सालीं एकावर एक सरकणाऱ्या खिडक्या आल्या. २०२५ च्या सप्टेंबरांत मेनूची पट्टी आली, मोकळ्या खिडक्या आल्या, आणि पाठीमागें दीर्घ काम चालूं ठेवण्याची मुभाही आली. ज्याची थट्टा केली तेंच दहा-बारा वर्षांत हप्त्याहप्त्यानें घरांत आणलें गेलें. भेसळीचें पाप आतां होऊन चुकलें आहे. तिचें पुण्य तेवढें ग्राहकाच्या पदरांत पडावयाचें राहिलें आहे.

“मग आतां आणखी काय पाहिजे?” असें यावर विचारलें जाईल. खिडक्या हें बाह्य रूप आहे. घराला खिडक्या बसविल्या म्हणून दाराची किल्ली आपल्या हातीं येत नाहीं. माझाच एक अनुभव सांगतों. माझी पाटी कोणत्या कंपनीची, याचा येथें संबंध नाहीं. एका स्मरणग्रंथाचें संपादन मीं सर्वस्वीं तिच्यावर केलें: मुद्रितें वाचलीं, लेखणीनें समासांत दुरुस्त्या केल्या, आणि या कामीं तिच्यासारखें साधन नाहीं अशी माझी खात्री झाली. शेवटीं मुद्रकानें मजकूर युनिकोडपूर्व काळच्या एका मराठी फाँटांत मागितला. देवनागरी युनिकोडांत येऊन तीन तपें होत आलीं, तरी आपल्याकडील कित्येक छापखान्यांचा संसार अजून त्याच जुन्या फाँटांवर चालतो. रूपांतर करणारा लहानसा प्रोग्रॅम एका मित्रानें लिहून दिला होता. परंतु तो पाटीवर चालेना, कारण त्याला विक्रेत्याच्या दुकानाचा शिक्का नव्हता. अखेर एका सहकाऱ्याचा आठ वर्षांचा जुना, कुरकुरणारा लॅपटॉप मागून आणला, आणि रात्रीं दीड वाजतां काम हातावेगळें केलें. त्या जुन्या यंत्राच्या अनेकपट शक्तीची पाटी शेजारीं स्वस्थ पडून होती.

हें कुलूप कां, याचें उत्तर मला तंत्रशास्त्रांत सांपडत नाहीं, जकातनाक्यावर सांपडतें. ॲपलच्या टॅब्लेटवर प्रोग्रॅम यावयाचा तो कंपनीच्या दुकानांतून, आणि तेथें होणाऱ्या विक्रींतून सामान्यतः शेंकडा ३०, व वर्षाला दहा लक्ष डॉलरांच्या आंत मिळकत असलेल्या लहान विक्रेत्यांकडून २०२१ पासून शेंकडा १५, असा भाग कंपनी घेते. मॅकवर असा एकच नाका नाहीं. शिवाय पाटीच संगणक झाली, तर दोन वस्तु घेणारा एकच घेईल. व्यापाऱ्यानें नफा पाहावा, याबद्दल माझी तक्रार नाहीं. नफ्याला सौंदर्यशास्त्राचें सोवळें नेसवूं नये, एवढेंच म्हणणें आहे. युरोपनें हें ओळखलें. तेथील आयोगानें २०२४ च्या एप्रिलमध्यें आयपॅडची सिस्टिम आपल्या नव्या कायद्याच्या कक्षेंत घेतली, आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरपासून तेथें आयपॅडवर इतर दुकानांना प्रवेश मिळाला. पॅरिसच्या ग्राहकाला जें सुरक्षित, तें पुण्याच्या ग्राहकाला घातक कसें, हें कोणी समजावून देईल काय?

आणि यांत खरी हानि आहे ती मुलांची. आमच्या पिढींतील कित्येकांनीं संगणकाचें ज्ञान पुस्तकांतून मिळविलें नाहीं. यंत्र उघडून, बिघडवून, पुन्हा बसवून मिळविलें. एखादा प्रोग्रॅम स्वतः लिहावा, तो चुकावा, रात्रभर चूक शोधावी, आणि पहांटे तो चालावा, या आनंदांतून पुष्कळ जण अभियंते झाले. टॅब्लेटवर प्रोग्रॅम लिहावयास शिकविणारीं साधनें आहेत, हें मी नाकारीत नाहीं. पण तीं आंखून दिलेल्या अंगणांतलीं आहेत. ज्या यंत्रावर केवळ इतरांनीं मंजूर केलेलें चालतें, त्यावर वाढलेला मुलगा उत्तम ग्राहक होईल. कारागीर होण्यास त्याला दुसरें यंत्र लागेल. ज्या घरांत दुसरें यंत्र घेण्याची ऐपत आहे तेथें हा प्रश्न सुटतो. ज्या घरांत एकच यंत्र येणार, त्या घरच्या मुलाला त्या कुलपाचा दंड भरावा लागतो.

म्हणून मागणी इतकीच आहे. पाटी बोटासाठीं जशी आहे तशीच राहावी. परंतु ज्यानें पूर्ण मोल दिलें, कळफलक जोडला, आणि जोखीम माझी असें लिहून दिलें, त्याला मेजावरची सिस्टिम बसविण्याचा मार्ग मोकळा असावा. कंपनी तो आपण होऊन देत नसेल, तर कायद्यानें द्यावयास लावावा. आणि तोंपर्यंत ग्राहकानें ‘प्रो’ या अक्षरांना भुलूं नये.

त्या सद्गृहस्थांना मीं शेवटीं लॅपटॉप घ्यावयास सांगितलें, आणि चित्रांसाठीं त्याला जोडतां येणारी साधी लेखणीची पाटी. मुलगी थोडी हिरमुसली, असें पुढें समजलें. तिचें हिरमुसणें मला योग्य वाटतें. तिला हवें होतें तें यंत्र दुकानांत मांडलेलें होतें. फक्त त्याची किल्ली कोणी विकत नव्हतें.